जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलताना

पॅड काढून नवे बसवणं हे काम वीस मिनिटांचं आहे. तरीही पहिल्यांदा हात घालणाऱ्याचा अख्खा रविवार जातो, कारण दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत पॅडपेक्षा गंजच जास्त वेळ खातो. आणि तो वेळ द्यायलाच हवा. गॅरेजमध्ये घाईत नुसते पॅड बदलून मिळतात. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना कोरड्या राहतात, ब्रॅकेटमधला (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीतला) गंज तसाच राहतो, आणि वर्षभरात एका बाजूचा पॅड पुन्हा पत्र्याला टेकतो. घरी करायचं तर ते या दोन गोष्टींसाठी करावं.

इथे दिलेली पद्धत जुनी अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांना लागू पडते. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि पुढच्या कॅलिपरला आतल्या बाजूने एकच पिस्टन. हा कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्या रेट्याने अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला चिकटवतो. म्हणजे पिना अडकल्या की बाहेरचा पॅड नीट काम करत नाही आणि सगळा भार आतल्यावर येतो. पुढचं बरंचसं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

वेळ झाली आहे हे कसं ओळखायचं

नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिमी असतो. तो ३ मिमीवर आला की बदलायचा, पत्रा दिसायची वाट बघायची नाही. बऱ्याच पॅडांना एक छोटी पोलादी पट्टी असते; थर संपत आला की ती डिस्कला घासून बारीक किंचाळते. तो आवाज म्हणजे सूचना. खरखरीत, दळल्यासारखा आवाज यायला लागला तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय, आणि आता डिस्कही जाणार.

ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी कुठेही गळती नसताना हळूहळू उतरत असेल, तर तेही पॅड झिजल्याचंच लक्षण. पॅड पातळ होतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. अशा वेळी वरून ऑइल टाकून डबा भरू नका. पुढे पिस्टन मागे दाबताना तेच ऑइल उसळून बॉनेटखाली सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल तर दोष पॅडचा नाही, डिस्कचा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा रबरी होज (कॅलिपरला ऑइल नेणारी नळी) तपासायला हवा. नुसत्या नव्या पॅडने यातलं काहीच बरं होत नाही.

काय काय आणायचं

पॅड नेहमी चारचा संच घ्या, दोन्ही चाकांसाठी. डिस्क बदलायची असेल तर जोडी. एकाच बाजूचं बदललं तर ब्रेक मारताना गाडी तिरकी जाते. जुना पॅड किंवा त्याचा फोटो दुकानात घेऊन जा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कॅलिपर बदललेले असतात आणि 'अल्टोचे द्या' एवढं सांगून चुकीचा संच हातात पडतो. कंपनीचे अस्सल पार्ट, बॉश, राणे, टीव्हीएस गर्लिंग यांपैकी काहीही चालेल. सुट्या पॅकिंगमधला, नाव नसलेला स्वस्त पॅड मात्र ब्रेकच्या बाबतीत घेऊ नये.

बाकी सामान: डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली (डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच), ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, जास्त तापमान सोसणारं सिरॅमिक किंवा कॉपर ग्रीस, गंज सोडवणारं तेल, वायर ब्रश, सपाट कानस, ८० नंबरचा पॉलिश पेपर, जाड तार, चिंध्या. पान्यांमध्ये चाकाच्या नटांसाठी १९ची गोटी (सॉकेट), कॅलिपरसाठी १२ आणि १४, ब्रॅकेटसाठी १४ किंवा १७. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटीच वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीची पाळी येते. पिस्टन दाबायला मोठा सी-क्लॅम्प. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरालाच बोल्ट आवळू देणारा पाना, कुणाकडून तरी मागून आणा.

ग्रीसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पिनांवर साधं चेसिस ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही. पिनांची रबरी बूटं (धूळ-पाणी अडवणारी टोपणं) पेट्रोलियम तेलाने फुगतात, आणि फुगलेल्या रबरात पिन आणखी घट्ट बसते. आज गुळगुळीत सरकलेली पिन चार महिन्यांत अडकते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

गाडी उचलणं

जमीन सपाट आणि कडक हवी. मातीवर किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरावर जॅक रुततो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा.

गाडीसोबत येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. काम करायचं तर सिलखाली (दाराखालच्या कडेखाली), जॅकसाठी दिलेल्या खाचेजवळच्या मजबूत भागाखाली, जॅक स्टँड ठेवा आणि गाडीचा भार त्यावर सोडा. विटांचा ढीग स्टँडच्या जागी वापरू नका. वीट आधी काही न सांगता फुटते. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे काही घसरलंच तर गाडी चाकावर येईल, माणसावर नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की क्लिप कुठे होती, स्प्रिंग कसा होता हे तिथे जाऊन बघता येतं. तरीही उघडण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा.

उघडताना

स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपर चाकाच्या कमानीतून बाहेर येईल. पॅडची जुनी धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या पॅडांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. मास्क घाला, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

खालचा कॅलिपर बोल्ट काढा. बोल्टबरोबर आतली पिनही फिरत असेल तर पिनेचा सपाट भाग पातळ पान्याने धरून ठेवा. वरचा बोल्ट न काढता कॅलिपर वर उलटवूनही पॅड काढता येतात, पण आपल्याला दोन्ही पिना बघायच्या आहेत, म्हणून दोन्ही बोल्ट काढा. सुटा झालेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. तो होजवर लोंबकळला तर होजच्या आतल्या थराला चीर जाते, आणि ती बाहेरून दिसत नाही. या क्षणापासून घरातल्या कुणीही ब्रेक पेडल दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर पडेल.

आता जुने पॅड फेकण्याआधी बाकावर शेजारी-शेजारी ठेवा. झीज बघून बरंच कळतं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजलाय: पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजलाय: पिना सरकून परत येत नाहीत, पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. पॅड पाचरीसारखा तिरका झिजलाय: एक पिन अडकली आहे किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये वाकडा बसला होता. डावी-उजवीकडच्या पॅडांत मोठा फरक असेल तर एका बाजूचा पिस्टन किंवा होज संशयित.

पिना आणि ब्रॅकेट

ब्रॅकेटमधून दोन्ही पिना ओढून काढा. बोटांनी निघायला हव्यात. निघत नसतील तर बुटाच्या कडेने गंज सोडवणारं तेल द्या, पंधरा मिनिटं थांबा, आणि पिन पुढे-मागे फिरवत बाहेर काढा. हातोडीने ठोकू नका. वरची आणि खालची पिन बऱ्याचदा सारखी नसते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. अदलाबदल झाली की कॅलिपर खडखडतो किंवा अडकतो, तेव्हा कुठली कुठे होती हे लिहून ठेवा.

जुनं काळं ग्रीस चिंधीने पूर्ण पुसा, पिनेचं भोकही पुसून घ्या. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही. बूट फाटलं असेल तर पिन-बुटांचा किट घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरतो. भोक ग्रीसने ठासून भरलं तर आत कोंडलेली हवा पिनेला परत ढकलते आणि कॅलिपर मोकळा सरकत नाही.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपवर बसतात, त्या क्लिपखाली गंजाचा थर साचतो आणि क्लिप वर उचलतो. मग नवा पॅड घट्ट बसतो, ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही, डिस्कला घासत राहतो. क्लिपा काढा आणि खालचा पृष्ठभाग कानशीने चकचकीत धातू लागेपर्यंत साफ करा. क्लिपा परत लावून पॅड बसवून बघा: बोटाने सरकला पाहिजे. सरकत नसेल तर अजून गंज उरला आहे. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे काम सगळ्यात जास्त वेळ घेतं.

डिस्क: ठेवायची की बदलायची

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मोजायला मायक्रोमीटर उत्तम. व्हर्निअर असेल तर थेट लावू नका, कारण बाहेरच्या कडेला न झिजलेला ओठ उरलेला असतो आणि व्हर्निअर त्यावर टेकून जाडी जास्त दाखवतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट मोजा, मग दोन नाण्यांची जाडी वजा करा. गोलावर सात-आठ ठिकाणी मोजा. जाडी किमान आकड्याच्या अगदी जवळ आली असेल तर डिस्क बदलाच. नवे पॅड संपण्याआधी ती त्याच्या खाली जाणार.

लेथवर डिस्क घासून घेण्याची पद्धत आहे, पण छोट्या गाडीची डिस्क मुळातच पातळ, त्यात जुनी. घासल्यावर किमान जाडीच्या वर फारसं काही उरत नाही. त्या खर्चात थोडी भर घालून नवी जोडी घेणं बरं. बारीक रेघा असतील आणि जाडी पुरेशी असेल तर डिस्क तशीच चालेल, फक्त ओठ कानशीने उतरवा.

डिस्क काढायची असेल तर ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट सोडा. ते फार घट्ट असतात. आदल्या रात्री तेल देऊन ठेवा, लांब दांडा लावा, आणि गाडी स्टँडवर भक्कम आहे ना हे जोर लावण्याआधी हलवून बघा. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेली असते. बऱ्याच डिस्कना टोपीवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, बहुतेक ८ मिमीची. त्यात दोन बोल्ट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळले की डिस्क आपोआप पुढे येते. भोकं नसतील तर टोपीवर चहूबाजूंनी हातोडीचे ठोके, पण हे फक्त जुनी डिस्क टाकून द्यायची असेल तरच. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने पकडलेली असते आणि हब खेचल्याशिवाय निघत नाही. तुमच्या गाडीत तसं दिसलं तर तिथेच थांबा, कारण त्यात बेअरिंगचं काम येतं. ते गॅरेजला द्या.

नवी डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने साफ करा, बोल्टच्या मुळाशीही. इथला गंजाचा एक कण डिस्कच्या बाहेरच्या कडेला कितीतरी मोठा डुल (फिरताना आडवं हलणं) देतो. डिस्कचा डुल बहुतेक छोट्या गाड्यांत ०.१ मिमीच्या आसपासच चालतो. त्यापेक्षा जास्त झाला की काही हजार किलोमीटरनंतर पेडल धडधडायला लागतं आणि 'नवी डिस्कच खराब निघाली' असं वाटतं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसून टाका, नाहीतर ते पॅडमध्ये मुरेल आणि असा पॅड पुन्हा साफ होत नाही.

पिस्टन मागे ढकलणं

आधी ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा, भोवती चिंधी गुंडाळा. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. पिस्टनवर जुना पॅड आडवा धरून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. जुन्या पॅडमुळे पिस्टन सरळ आत जातो, तिरका होत नाही.

घाई करायची नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबल्यावर ते पिस्टनबरोबर थोडं पिळतं आणि पाय उचलल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. पॅड आणि डिस्कमधलं अंतर तेवढंच. धूळरोधक बूट फाटलेलं, पिस्टन गंजलेला असेल तर हे सील काम करणार नाही. कॅलिपर उघडून किट टाकावा लागेल.

पिस्टन अजिबात हलत नसेल तर कारण शोधायला एक सोपी चाचणी आहे. कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) अर्धा फेरा सैल करा, त्यावर पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला तर कॅलिपर ठीक आहे, अडथळा होजमध्ये. जुना रबरी होज आतून फुगतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. निपल उघडूनही पिस्टन जात नसेल तर पिस्टनच अडकलाय. निपल सोडण्याआधी त्याला तेल द्या. गंजलेलं निपल जोर लावला की मुळाशी तुटतं. आणि एकदा ते उघडलं की त्या चाकाची हवा काढणं आलंच.

जोडणी

ब्रॅकेट आधी, त्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला. मग पॅड. किंचाळणारी पट्टी असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच जातो, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला. कानांवर आणि पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, सिरॅमिक ग्रीसचा अगदी पातळ थर. घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा डाग लागला तर तो पॅड वापरू नका. पाठीमागचे पातळ पत्रे सोबत आले असतील तर नवे लावा, ते आवाज मारतात.

कॅलिपर बसवताना होजला पीळ पडला नाही ना हे बघा. छोट्या गाडीच्या कॅलिपर बोल्टचा टॉर्क साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर असतो, ब्रॅकेटच्या बोल्टचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा. कॅलिपरचे बोल्ट अंगच्या जोराने आवळले की पिनेतले आटे जातात. दोन्ही बाजू झाल्यावर चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर द्या.

मग इंजिन चालू न करता पेडल सावकाश दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जाईल, कारण पिस्टन मागे गेलेले आहेत. आठ-दहा वेळा दाबल्यावर ते कडक होतं. ही पायरी विसरून गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. पेडल कडक झाल्यावर ऑइलची पातळी बघा, लागलं तर सीलबंद बाटलीतलं भरा.

पेडल मऊ, स्पंजासारखं लागलं तर कुठेतरी हवा शिरली आहे. नुसते पॅड बदलताना हवा शिरत नाही. निपल किंवा होज उघडला असेल तरच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उकळबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १४० एवढाच. डॉट ४ चा २३० वरून १५५. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पेडल पोकळ जातं. दोन वर्षं झाली असतील किंवा ऑइल चहासारखं काळपट दिसत असेल तर याच बैठकीत बदलून टाका. मदतनीस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल उघडता, ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात, निपल बंद करता, आणि मगच तो पाय उचलतो. चाकांचा क्रम मॅन्युअलमधला. डबा मध्येच रिकामा होऊ दिला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिले काही किलोमीटर

रिकाम्या रस्त्यावर आधी अगदी हळू, २० च्या वेगात दोन-तीनदा ब्रेक तपासा. मग ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट गाडी चालू द्या आणि पुन्हा. असं वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो यातूनच. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरलं तर पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो आणि नंतर तिथेच धडधड येते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरदार ब्रेक टाळा. तोवर ब्रेक किंचित कमी पकडतील, पुढच्या गाडीशी अंतर जास्त ठेवा.

घरी परतल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला पॅड किंवा पिन अडकली आहे; उघडून पुन्हा बघायचं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर लालसर गंज दिसतो, तो पहिल्या चार ब्रेकमध्ये जातो, त्याची काळजी नको. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा. काढलेलं जुनं ब्रेक ऑइल बंद बाटलीत भरून गॅरेजला वेगळं द्या, वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका आणि गटारात ओतू नका.